मलेरियाभाऊंच्या गृहभेटी

मेलेल्या माणसांची चौकशी मलेरियाभाऊ ती माणसं आत्ताच बाजारात गेल्यासारखी करायचे. पहिल्यांदा ते जुन्नरला आमच्या घरी आले तेव्हा दारात चपला काढता काढताच त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "तुमच्यात रूथबाई व्हत्या. साहेबाच्या बंगल्यावर भांडी घासायच्या. त्यांच्या पायाचं पुढं काय झालं?" दादा गोंधळले. आमच्या घरात रूथ नावाचं कुणी नव्हतं, आणि भांडी आमची आम्हीच घासत होतो. कुठला बंगला, कुठला साहेब, अशी दोघांची चांगली पाच मिनिटं जुंपली आणि मग उलगडा झाला की रूथबाईंना जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली होती. दादांना हसू आवरेना. भाऊ मात्र हसले नाहीत. पिशवीतून त्यांनी पिवळी पडलेली चार पानं काढली. "बाजारपेठेत रद्दीच्या दुकानात घावली. मिशनची रोजनिशी हाये. पाय लई सुजलाय म्हणून लिवलंय, अन् पुढचं पान न्हाई. म्हणून इचारलं."

मूळचे ते वारूळवाडीचे. आरोग्य खात्यात मलेरियाचे कर्मचारी म्हणून त्यांची उभी नोकरी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गेली. आमच्या पिढीतल्या कुणालाही तो माणूस आठवेल. सायकल दाराशी लावायची, "ताप-बिप हाये का कुणाला?" अशी हाक द्यायची, कुणी पांघरूण घेऊन पडलेलं दिसलं की बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि निघताना दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं तारीख टाकायची. सरकारी भाषेत याला गृहभेट म्हणतात. निवृत्त झाल्यावर सहा महिने ते घरी बसले आणि सातव्या महिन्यात त्यांना ती चार पानं सापडली. "जित्त्या माणसांची घरं सरली, आता मेलेल्यांची चालू केलीत," असं वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, येईल त्याला सांगायच्या. तक्रार म्हणून सांगायच्या, पण सांगताना डबाही त्याच भरत असायच्या.

आमच्या चर्चची किल्ली आमच्या घरी असायची, अजूनही असते. मंडळी म्हणाल तर आठ-दहा कुटुंबं. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा येतात. इंग्रजांच्या काळी इथे मिशनची शाळा होती, दवाखाना होता, अनाथ मुलांचं वसतिगृह होतं. आता चर्च उरलं आहे आणि चर्चच्या मागच्या खोलीत मिशनच्या जुन्या वह्यांची एक लोखंडी पेटी. ती पेटी उघडायची कुणाची छाती होत नव्हती, कारण आतून वाळवी निघाली तर पुढचं काम कुणी करायचं हा प्रश्न होता. भाऊंनी पाळकसाहेबांची रीतसर परवानगी काढली, नारायणगावहून एसटीनं मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागले आणि पहिले तीन आठवडे त्यांनी नुसती वाळवी काढली. वाचायला सुरुवात त्यानंतर. वह्यांना हात लावण्याआधी ते साबणानं हात धुवायचे. साबण स्वतःचा आणायचे, आमचा चालायचा नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. शंभर वर्षांपूर्वीचं हस्ताक्षर मलाच धड लागत नाही, तिथे बारावी झालेला हा माणूस इंग्रजी नोंदी वाचणार कसा, अशी शंका मला आली, आणि शिक्षिकेच्या खोडीप्रमाणे मी ती बोलूनही दाखवली. त्यांनी वहीतून मान वर केली नाही. "बाई, तीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्यात. त्यापुढं साहेबाचं अक्षर म्हंजे छापील." आणि खरोखरच ते घडाघडा वाचत होते. बाप्तिस्मा, लग्न, दफन, दवाखान्यात कोण आलं, शाळेतून कोण पळालं, सगळं. जिथे अडायचं तिथे पेन्सिलीनं कागदावर एक छोटं वर्तुळ काढून पुढे जायचे आणि पुढच्या खेपेला ते वर्तुळ सोडवूनच यायचे. कुणाला विचारून, कुठल्या शब्दकोशात बघून, ते मला कधी कळलं नाही.

मिशनच्या साहेबांमध्ये त्यांना काडीचाही रस नव्हता. मी एकदा म्हटलं, या साहेबाबद्दल लिहा की, यानं दवाखाना बांधला. तर म्हणाले, "त्याचं नाव भिंतीवर दगडात कोरलंय. त्याची काळजी नगं." त्यांना हवे असायचे ते बंगल्याचा गाडीवान, विहिरीवरची पाणक्याची बायको, बाकं करणारा सुतार, घंटा ओढणारी म्हातारी. प्रत्येक माणसाचं ते एक कार्ड करायचे. कार्डं खात्यातली होती, जुनी, रद्द झालेली. त्यावर छापलेलं होतं: घर क्रमांक, कुटुंबातील व्यक्ती, ताप आहे किंवा नाही. त्याच रकान्यांत त्यांनी मिशनची सगळी माणसं बसवली. 'ताप' या रकान्यात मृत्यूचं कारण. एका आठ वर्षांच्या मुलाच्या कार्डावर त्या रकान्यात "ताप नव्हता. विहीर." असं लिहिलेलं मी पाहिलं आणि मला पुढचं कार्ड उचलवेना. दोन वर्षांपूर्वी भाऊ गेले. ती सगळी कार्डं आता माझ्या कपाटात आहेत.

कार्ड झालं की ते घर शोधायला निघत. याला मी काय म्हणू? मी अभ्यासक माणसं पाहिली आहेत, ती कागदापाशी थांबतात. भाऊंचा कागद पुरा झाला की मग त्यांचं काम सुरू व्हायचं. सुताराच्या नोंदीवरून ते ओतूरला गेले, तिथून कुणी नाशिकचं सांगितलं, नाशिकवाल्यानं पुन्हा जुन्नरचं, आणि शेवटी त्या सुताराची पणती निघाली ती आमच्याच गल्लीत राहणारी, जिच्याशी माझं पाण्यावरून भांडण झालेलं. भाऊ तिच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, देवळातली बाकं तुमच्या पणज्यानं केलीत." ती बाई त्या रविवारी चर्चला लवकर आली आणि कुणी यायच्या आत एकेका बाकाखाली वाकून पाहत होती. मी ते पाहिलं आणि पाण्याचं भांडण तिथेच सोडून दिलं. माणूस इतक्या सहज इतकं मोठं काम करतो आणि वर नारायणगावची शेवटची गाडी चुकू नये म्हणून घाई करतो, याचं मला फार नवल वाटायचं. खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर मला माझी एम.ए.ची पदवी लपवाविशी वाटायची.

तुम्ही आमच्या मंडळीतले नाही, मग एवढा जीव का आटवता, हे मी त्यांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "माझ्या आज्यानं धम्म घेतला. त्याच्या चुलत्यानं त्याच्या कितीतरी आधी इथं येऊन बाप्तिस्मा घेतला व्हता. तरास दोघांचा एकच व्हता, म्हणून दोघं निघाले. आमी नंतर एकमेकांची चौकशीच केली न्हाई." तो चुलता त्यांना पेटीत सापडला का, असं मी विचारलं. "न्हाई घावला," ते म्हणाले. "पण त्याच्या शेजारी राहणारी घावली ना सगळी." आणि पुन्हा वहीत शिरले.

आता त्या यादीकडे येते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. दुष्काळाच्या काळातली एक लांबट वही होती. वरचा मथळा वाळवीनं खाल्लेला, फक्त 'धान्य' एवढा शब्द शाबूत. खाली मंडळीतल्या बायकांची नावं आणि प्रत्येक नावापुढे रविवारच्या तारखा, आणि त्या तारखांखाली शाईच्या उभ्या रेघा. काही नावांपुढे तुरळक, काहींपुढे भरपूर. सगळ्यांत जास्त रेघा सगुणाबाई नावाच्या बाईपुढे होत्या. भाऊंना क्षणभरही शंका आली नाही. त्यांच्या स्वतःच्या वहीत तीस वर्षं रेघेचा अर्थ एकच होता: या माणसाला ताप होता, याला गोळ्या दिल्या. रेघ म्हणजे मिळालं. शिवाय मिशनच्या छापील अहवालांत साहेबांनी गोरगरिबांना धान्य वाटल्याचं पानोपानी होतंच. मलाही ते पटलं. मीच त्यांना यादी सुवाच्य अक्षरात उतरवून दिली.

त्यांनी त्या बायकांची कार्डं केली आणि तीसेक घरं शोधून काढली. प्रत्येक घरी जाऊन आनंदानं सांगून आले की तुमच्या पणजीला दुष्काळात इथून धान्य मिळत होतं. त्यांच्या दृष्टीनं ही मोठी गोड बातमी होती. "त्या जगल्या म्हणून तुमी हायेत," असं ते प्रत्येक घरात म्हणायचे. घेण्यात लाज असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. आयुष्यभर गोळ्या वाटलेला माणूस. ज्याला गरज आहे त्यानं घ्यावं, यात लाजायचं काय?

सगुणाबाई निघाली माझ्या वडिलांची आजी. दादा म्हणाले, "असेल बाबा, दिवसच तसे होते." पण दादांची मोठी बहीण, माझी एस्तेरआत्या, दादांसारखी नव्हती. आत्या आळ्याला राहते. यजमान तिथे शाळेत होते, ते तरुणपणीच गेले आणि तिनं दोन मुलगे शिलाई मशीनवर वाढवले. आत्यानं जन्मात कुणाचं काही घेतलं नाही. शेजारणीनं वाटीभर कालवण पाठवलं तर ती वाटी धुऊन, त्यात काहीतरी घालून, त्याच दिवशी परत जायची. दिरानं एकदा मुलांच्या फीचे पैसे दिले ते तिनं त्याच्या घरातल्या सगळ्या बायकांची झंपरं शिवून फेडले. "आमच्या घराण्यात हात पसरायची रीत न्हाई, आमची आजी सांगून गेलीय," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. ती आजी म्हणजेच सगुणाबाई.

त्या नाताळला पाळकसाहेबांनी भाऊंना उपासनेनंतर दोन शब्द बोलायला सांगितले. आत्या पहिल्या बाकावर होती, नातवंडांसकट. भाऊ उठले, आणि ज्या आनंदानं ते तीस घरांत बोलले होते त्याच आनंदानं म्हणाले, "ह्या देवळातनं सगळ्यात जास्त येळा धान्य मिळालं ते सगुणाबाईंना. त्यांच्या नातबाई इथं बसल्यात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्या उठली, नातवाचा हात धरला आणि केक न खाता निघून गेली. दारात मी तिला गाठलं तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेटी तू उघडून दिलीस ना? चार लोकांत मपल्या आजीचा हात पसरलास."

त्यानंतर ती चर्चला आली नाही. माझ्याशी बोलली नाही. दादांनी फोन केला तर सून उचलायची आणि आत्या झोपल्यात म्हणून सांगायची. वर्ष गेलं. आत्या घरात पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. दवाखान्यात मी भेटायला गेले तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ती तेव्हा सत्त्याऐंशीची होती. ती अशीच जाणार आणि हे असंच राहणार, या विचारानं माझी झोप उडाली. भाऊंवर मला रागही आला, कबूल करते. कशाला उकरायची माणसं, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर बोलले. पुढच्या मंगळवारी ते पुन्हा आले, हात धुतले आणि वाचायला बसले.

उलगडा झाला तो घोडेगावला. मिशनची शेवटची बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना वचन सांगणारी बाई, तिची लेक तिथे नव्वदीच्या पुढे असून अजून खुटखुटीत आहे असं भाऊंना कळलं. मी सुट्टीत होते म्हणून सोबत गेले. म्हातारी ओसरीत लसूण सोलत बसली होती. भाऊंनी यादीचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला आणि विचारलं, दर रविवारी साधारण किती धान्य मिळायचं एकेका बाईला?

"मिळायचं?" म्हातारी म्हणाली. "आरं, मिळायचं न्हाई. द्यायच्या त्या. जातं मांडलं की दळाण घ्यायच्या आधी एक मूठ गाडग्यात टाकायची. घरात असू नायतर नसू, मूठ आधी. रविवारी गाडगं घिऊन देवळात. मपली आई नाव बघून रेघ वढायची. तिच्याबी आधीपासनं चालत आल्यालं."

भाऊंनी मोबाइल खाली ठेवला. हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग घेणाऱ्यांची वही कुठं हाये?"

म्हातारीनं लसूण खाली ठेवला. "घेणाऱ्याची वही? उपाशी माणसाचं नाव लिवत्यात व्हय कुठं? सगळी गाडगी एका पोत्यात रिकामी करायची अन् पोतं देवळाच्या मागल्या दाराशी ठिवायचं. सोमवारी तिकडं कुणी फिरकायचं न्हाई. लागंल त्यानं यावं, न्यावं. कोण आलं ते बघायचं न्हाई, असा नेमच व्हता."

घरी येऊन मी हे दादांना सांगितलं तर ते ताडकन उठून बसले. त्यांच्या लहानपणी सोमवारी चर्चच्या मागच्या अंगणात खेळायला गेलं की घरोघरच्या बायका ओरडायच्या. का, ते कुणालाच सांगता यायचं नाही. मूठ बंद झाली, पोतं गेलं, तरी सोमवारी मागे जायचं नाही एवढं मात्र तीस-चाळीस वर्षं टिकून होतं. दादा कितीतरी वेळ तेच तेच बोलत राहिले.

पण मला आठवतात ते घोडेगावच्या स्टँडवरचे भाऊ. गाडीला वेळ होता. बाकावर बसून त्यांनी पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढला आणि एकेक कार्ड मांडीवर ठेवायला लागले. मी म्हटलं, "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. पाळकसाहेब चर्चमध्ये जाहीर करतील. मी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते."

"बाई," ते म्हणाले, "चुकीची गोळी घरात जाऊन दिली, तर चूक काय टपालानं कळवायची?"

त्यानंतर दीड महिना तो माणूस फिरत होता. वय सत्तरीच्या घरात, गुडघे गेलेले, उन्हाळ्याचे दिवस. ओतूर, राजूर, मंचर, नारायणगाव. ज्या ज्या दारात आनंदानं उभे राहिले होते त्या त्या दारात जाऊन म्हणायचे, "मागं मी एक सांगून गेलो व्हतो. मपलं चुकलं. तुमची पणजी घेणारी न्हाई, देणारी व्हती." बरीच घरं आधीचं विसरूनही गेली होती. काहींनी चहा दिला, काहींनी "असू द्या हो" म्हणून दारातूनच वाटेला लावलं. एका घरी तर गंमतच झाली. तिथले कर्ते गृहस्थ राजकारणातले. 'माझ्या पणजीनं धर्माचं धान्य खाल्लं आणि आज तिचा पणतू तुमच्यासमोर उभा आहे' हे त्यांनी भाषणात घालून पाठ केलं होतं, आणि त्यावर हमखास टाळी यायची. त्यांना ही दुरुस्ती अजिबात आवडली नाही. "राहू द्या ना भाऊ, कुणाला कळतंय?" असं ते म्हणाले. भाऊ तिथे दोन तास बसले. शेवटी त्या गृहस्थांनी हात जोडून भाषण बदलायचं कबूल केलं. बदललं की नाही कुणास ठाऊक, पण भाऊंनी कार्डावर त्या दिवसाची तारीख घातली.

मी चार-पाच घरी सोबत गेले. माफी मागणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता असं नाही. पण पुन्हा पुन्हा, तेवढ्याच सरळपणे, कुठेही स्वतःची बाजू न सांगता माफी मागणारा नव्हता पाहिला. मथळा वाळवीनं खाल्ला होता, हे त्यांनी एकाही घरी सांगितलं नाही. मीच मध्ये तोंड घालून सांगायला गेले तर म्हणाले, "त्यांना वाळवीशी काय करायचंय?" मी शाळेत मुलांसमोर फळ्यावर चुकले तर खोडून घाईघाईनं पुढे जाते. त्या उन्हाळ्यानंतर जरा थांबायला शिकले.

आत्याचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. मला वाटलं, धीर होत नसेल. पण कारण वेगळं होतं. रेघांचा अर्थ फिरला म्हणजे प्रत्येक रेघ नव्यानं वाचायला हवी, असं म्हणून त्यांनी सगुणाबाईची ओळ दफनाच्या आणि बाप्तिस्म्याच्या वह्यांशी तारीखवार लावून पाहिली होती. पाळकसाहेबांची लेखी परवानगी घेऊन त्यांनी त्या दोन्ही वह्या आणि धान्याची ती लांबट वही पंच्यात गुंडाळून सोबत घेतल्या. "मोबाइलवरचा फोटो मावशी मानायच्या न्हाईत," ते म्हणाले.

आळेफाट्याला उतरून आम्ही रिक्षा केली. दुपारचे दोन वाजले असतील. सुनेनं दार अर्धं उघडलं आणि आम्हाला पाहून तिचा चेहरा पडला. आतून आत्याचा खणखणीत आवाज आला, "त्यांना सांग, मी घरात न्हाई."

सून बिचारी ओशाळून उभी. भाऊ तिला म्हणाले, "बरं बरं. असू द्या." आणि बाहेरच्या पायरीवर बसले. पायरीवर ऊन होतं. आत्याची खाट दारालगतच्या खिडकीशी होती, खिडकी उघडी होती. भाऊंनी वह्या मांडीवर घेतल्या आणि खिडकीकडे तोंड करून, तिथे कुणी ऐकत असो वा नसो अशा आवाजात, बोलायला लागले.

"मावशी, मी वारूळवाडीचा. नाताळाला चार लोकांत मी चुकीचं बोललो. रेघा घेतल्याच्या न्हाईत, दिल्याच्या हायेत. दळाणाआधी मूठ काढायच्या बायका. सगळ्यात जास्त रेघा सगुणाबाईंच्या हायेत, म्हंजे सगळ्यात जास्त येळा त्यांनी दिलंय. मपलं चुकलं."

आतून पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"अजून एक हाये," भाऊ म्हणाले. "त्यांच्या ओळीत एकच रविवार मोकळा हाये. दुष्काळ चाललाय, पण बाकी सगळे रविवार भरल्यात, ह्योच मोकळा. म्हणून मी दफनाची वही बघितली. त्या रविवारच्या आदल्या दिवशी नोंद हाये. सगुणाबाईंची मुलगी, मरिया. वय आठ महिने. ताप." त्यांनी दफनाची वही मिटली. "घरात मयत. जातं बंद. दळाणच न्हाई, तर मूठ कुठली? म्हणून त्या दिवशी रेघ न्हाई."

खाट करकरली. मी खिडकीकडे बघायचं टाळलं. मरिया नावाची कुणी होती हे आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं, आत्यालाही नाही, दादांनाही नाही.

"अन् पुढच्या रविवारी," भाऊ म्हणाले, "दोन रेघा हायेत."

वॉकर फरशीवर टेकल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. सून आत धावली, तिला आत्यानं हातानंच बाजूला केलं असावं, कारण दार उघडलं ते आत्यानं. ती खूप वाळली होती. माझ्याकडे न पाहता तिनं भाऊंना विचारलं, "दोन?"

"दोन. त्या आठवड्याची अन् चुकलेली बी."

"कुठं हाये?"

भाऊ गुडघ्यावर हात देऊन उठले आणि धान्याची वही उघडून तिच्यापुढे धरली. तिला दिसत नव्हतं, मोतीबिंदू पिकला होता. मग त्यांनी विचारलं, "धरू का हात?" आणि तिचं बोट धरून त्या दोन रेघांवर ठेवलं. आत्या बोट तिथे ठेवून उभी राहिली. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मी रडत होते, एवढं आठवतं.

मग तिनं मान वर केली आणि दीड वर्षानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं.

"मंगल," ती म्हणाली, "भाऊंना आत घे. उन्हात बसल्यात कवाधरनं."